कळकलं

ताकाचं भांडं उघडलं की आजी आधी वास घ्यायची. मग करंगळी बुडवून थेंबभर जिभेवर ठेवायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "कळकला." एवढं म्हटलं की त्या ताकाचा निकाल लागलेला असे. ते माडाच्या आळ्यात जायचं. आमच्यापैकी कुणी "बघू, बघू" करत बोट पुढे केलंच तर हातावर फटका बसायचा.

पितळेच्या भांड्याची आतली कल्हई झिजली की आंबट पदार्थ धातूला खातो. ताक, सोलकढी, चिंच घातलेली आमटी अशा भांड्यात चार-सहा तास राहिली तर चव फिरते, जिभेच्या मुळाशी तुरट-कडू काहीतरी चिकटून बसतं. त्या चवीसाठी आपल्या भाषेत खास क्रियापद आहे, कळकणं. घरातल्या दहा माणसांचं पोट एका बाईच्या जिभेवर सोपवलेलं असायचं आणि त्या जिभेला हा शब्द दिलेला होता. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या मुलांना तो आता फोड करून सांगावा लागतो. माझ्या भाचीला सांगितला तेव्हा तिला वाटलं, कळकळीतून आला असेल.

कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीनंतर एकदा आणि पावसाच्या तोंडावर एकदा. खळ्याच्या कडेला खड्डा खणून भाता लावायचा, भांडं लाल होईपर्यंत तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची. भसकन पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं त्या धुरात नाक खुपसून बसायचो, कारण तो वास नाकाला झोंबायचा आणि ते आम्हाला आवडायचं. कुणी हटकल्याचं आठवत नाही. कळकलेल्या ताकाला फटका होता, धुराला नव्हता.

आणि एक. आंबट कळकायचं, दूध कळकल्याचं मला आठवत नाही. हे वाक्य इथे ठेवून देते, पुढे लागेल.

या मे महिन्यात भाची तिच्या दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन ठाण्याहून आली. आमचं घर देवगड आणि मालवणच्या मधे, खाडीकाठच्या एका वाडीत. घरात मी, माझी आई, कलमं सांभाळणारा धाकटा भाऊ आणि भावजय. भाचीच्या लेकीला आई 'बाय' म्हणते, म्हणून सगळेच बाय म्हणतात. गाडीतून उतरल्या उतरल्या भाचीचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, लोट्याला काचा वर केल्या तरी बाय शिंकत होती गं." लोटे म्हणजे वाटेवरची रासायनिक कारखान्यांची वसाहत.

तिच्याबरोबर एक वेगळी पिशवी होती. काचेच्या दुधाच्या बाटल्या, लाकडी चमचे, बिनवासाचा साबण, आणि प्रत्येक डबीवरचं बारीक अक्षर वाचायला मोबाईलचा भिंगासारखा वापर. आल्या दिवशीच तिने स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा उलटा करून बघितला आणि भावजयीच्या कपाळावर आठी उमटली. दुपारी अढीतला आंबा पुढे ठेवला तर भावाला विचारते, "मामा, पावडर नाही ना घातलीस?" आता ज्याच्या घरात पेंढ्याची अढी माळ्यावर दिसतेय, त्याला हे विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला बुडशील का विचारण्यासारखं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. त्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, त्यामुळे भीती खोटी नाही. पण ती बाजारातल्या पेटीसाठी. भाऊ काही बोलला नाही, फक्त दुसरा आंबा चिरला नाही.

आईला हे सगळं थेर वाटलं. ती म्हणाली, "येवडा काय ता? माज्या पोरांका काय झाला काय?"

भाची हसली. मी आईकडे पाहिलं नाही.

बाय रांगायला लागली होती. तिच्या मागे मागे मीही पडवीत, ओटीवर, माजघरात बसकण मारत फिरायला लागले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपलंच घर नव्याने दिसलं. आपण उभ्याने जगतो, त्यामुळे घर आपल्याला कमरेपासून वर ठाऊक असतं. खालच्या दोन फुटांत कुणाचंच राज्य नव्हतं. चुलीमागच्या भिंतीलगत मुंग्यांच्या खडूची पांढरी रेघ होती. शाळेतल्या खडूसारखाच दिसतो तो, आणि मी अठ्ठावीस वर्षं शाळेत काढल्यामुळे मला ठाऊक आहे की खडू ही मुलांना पहिल्यांदा खावीशी वाटणारी गोष्ट असते. दाराआड थंड पेयाच्या बाटलीत थिनर होतं. भाऊ म्हणाला, "झाकण घट्ट आहे."

हे त्याने म्हणावं! तीन वर्षांचा असताना हाच भाऊ असल्याच बाटलीतलं घासलेट प्यायला होता. भर दुपारी, तहान लागली म्हणून. आजीने ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजलं, घशात बोट घातलं, शेजारणीने ताक पाजायला सांगितलं. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत त्याचा श्वास घरघरत होता. डॉक्टर आजीवर असे ओरडले की ती बाकावर बसून रडायलाच लागली. घासलेट पोटात राहिलं तर तितकं वाईट नसतं, ओकताना ते फुप्फुसात उतरतं आणि खरा घात तिथे होतो. म्हणून ओकारी काढायची नाही, तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. भाऊ पाच दिवस तापाने फणफणत होता. आजी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं सांगायची की डॉक्टर उगीच बोलला, मीठपाण्यानेच वाचला.

पडवीतल्या कोनाड्याकडे आले तेव्हा मात्र मी भावाशी भांडलेच. कोनाड्यात औषधं असतात. आमच्याकडे औषध म्हणजे दोन्ही. मोहोरावर तुडतुडे पडू नयेत म्हणून पंपाने मारायचं तेही औषध, आणि आईची रक्तदाबाची गोळी, बायचं तापाचं सिरप तेही औषध. "आज औषध मारलंय, खालच्या कैऱ्या उचलू नका," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलं. ज्या भाषेने कळकण्यासाठी शब्द घडवला तिनेच विषाला औषध म्हणावं, याचं मला त्या कोनाड्यापुढे बसून फार नवल वाटलं. विष म्हटलं असतं तर ते आईच्या गोळ्यांशेजारी कुणी ठेवलं असतं का? शेतकऱ्याला दोष देत नाही मी. फवारल्याशिवाय हापूस हाती लागत नाही हे आमच्या घराला पुरतं माहीत आहे. पण नावामुळे हात सैल पडतो.

त्याच कोनाड्याखाली रिकामा कॅन होता. धुऊन, उन्हात वाळवून, आईने झाडांना पाणी घालायला ठेवलेला. चांगला जाड प्लास्टिकचा कॅन टाकून कसा द्यायचा? १६ जुलै २०१३ ची बातमी मी शाळेत असताना वाचली होती आणि ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. बिहारमधल्या सारण जिल्ह्यातलं गंडामण गाव. माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं मेली. भाजी ज्या तेलात केली ते कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं, अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडलं. स्वयंपाकिणीला तेलाचा वास खटकला होता, मुलांनी चव वेगळी लागतेय म्हटलं होतं, असं तेव्हा बातम्यांतून आलं. म्हणजे नाकाने सांगितलं, जिभेनेही सांगितलं. आमच्या शाळेत त्यानंतर काही दिवस शिक्षकांनी आधी जेवून बघायचं असा नियम कसोशीने पाळला जात होता. मी घास घेताना दर वेळी आजीची करंगळी आठवायची.

कॅनला मी खिळ्याने तीन भोकं पाडली. आई दिवसभर रुसून होती.

पण नाकाजिभेवर भरवसा ठेवायचे दिवस कधीच गेले, हे मला त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा जाणवत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहून बातम्या आल्या. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, तपासलेल्या नमुन्यात ४८.६ टक्के, जवळपास निम्मं. वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतली बरीच नागपूरच्या रुग्णालयांत आणलेली होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने १४ रुग्ण दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी तेच द्रव्य, तसंच औषधातून. ते चवीला गोड असतं. आयांनी चाखून बघितलं असतं तरी तोंड वाकडं झालं नसतं.

शिशाचं तर बोलायलाच नको. माझ्या वडलांचा पाग अजून खुंटीला आहे. पाग म्हणजे खाडीत फेकून मारायचं गोल जाळं, त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या असतात, म्हणून ते पाण्यात पसरून झपकन खाली बसतं. सुट्टीत वडील परड्यात तीन दगडांच्या चुलीवर एका चेपलेल्या डब्यात शिसं वितळवायचे, आणि आम्ही भोवती उकिडवे. वितळलेलं शिसं दिसायला पाऱ्यासारखं सुंदर. गरीने मासे पकडताना दोरीला शिशाचा मणी लावायचा तो आम्ही दाताने चेपायचो. मऊ असतं ते, दाताखाली दबताना एक समाधान वाटायचं. किती मणी चेपले असतील! माझं गणित कच्चं राहिलं ते त्यामुळे, असं मी आता घरात सांगते, आणि भाऊ म्हणतो की मग माझं का नाही राहिलं.

गंमत बाजूला ठेवली तर शिशाचा हिशेब वाईट आहे. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून हाडांत जाऊन बसतं. मेंदूवरचा परिणाम मागे फिरत नाही आणि इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच सापडलेली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल आहे. त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज दिला आहे. अशी मुलं सुमारे ८० कोटी, पैकी भारतातली २७ कोटींहून जास्त. हा आकडा वाचून डोळे विस्फारतात आणि मग आपण चहा ठेवायला उठतो, कारण या मुलांना काहीही झालेलं दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. थोडं लक्ष लागत नाही, थोडं उशिरा कळतं. अशा किती मुलांना मी वर्गात "डोक्यात काय बटाटे भरलेत का" म्हटलं असेल, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

शिसं पोटात गेलं की घात होतो, हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. गवयाला विड्यातून शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड. तरी शनिवारी आई बायला मारुतीच्या देवळात घेऊन गेली, अंगठ्याने तिच्या कपाळावर शेंदूर टेकवला, आणि बायने तो पुसून बोटं तोंडात घातली. भाची पळत पुढे झाली. तिच्या पिशवीतल्या कुठल्याच डबीवर हे लिहिलेलं नव्हतं. आजीच्या पिढीच्या गोष्टीत होतं. देवळातून येताना आईचा पुन्हा अबोला. मी मधल्या मधे.

आमच्या पुढच्या दाराला हिरवा ऑईल पेंट आहे, माझ्या लहानपणी दिलेला, आणि दर पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात. घरगुती रंगांत शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल ते रंगालाच ठाऊक. गणपतीआधी दार घासून नवा रंग द्यायचा भावाचा बेत होता, बाय इथे असतानाच उरकू म्हणत होता. मी त्याला सांगितलं, ती गेल्यावर घास, पाणी मारून ओलं घास, आणि धूळ झाडू नको, ओल्या फडक्याने पूस. तो म्हणाला, "बरं बाई." 'बरं बाई' म्हणजे आमच्या घरात होकार नसतो, पण नकारही नसतो.

भाचीने सावंतवाडीहून लाकडी फळं आणली होती, चितारआळीतली. तीही बायच्या तोंडात. २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, आणि ती असायलाच हवी, नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड कोरणारा कारागीर प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून म्हातारा व्हायचा. मग रंगाचं काय? आम्ही रंगीत आंबा आणि केळी कपाटावर मांडून ठेवली आणि बायला करवंटी दिली. तिला करवंटीच जास्त आवडली.

आता मी नुसती भाचीची बाजू घेतेय असं वाटेल. तसं नाही. तिचं भय पुष्कळदा नको त्या ठिकाणी लागलेलं असायचं. तव्यावरून रुसवा झाला, पण गोधडीबद्दल तिच्या मनात काही आलं नव्हतं. आईने ट्रंकेतून मऊ सुती गोधडी काढली, डांबरगोळ्यांच्या वासाची. मला तो वास म्हणजे मे महिना, पाहुणे, ओटीवर टाकलेल्या गाद्या. पण काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, आणि त्यांना नॅफ्थलीनच्या नुसत्या वाफेने तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. घरात हे कुणाला आहे की नाही कुणी तपासलेलं नसतं. गोधडी दोन दिवस कडक उन्हात टाकली, मग धुतली. वास गेला. मला जरा चुकल्यासारखं झालं.

मच्छरांच्या वळीवरूनही असंच. २००३ च्या एका अभ्यासात एक वळी जळून जेवढे अतिसूक्ष्म धूलिकण निघाले ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या तोडीचे होते. हे सांगितल्यावर आईने विजयाने नारळाची सोडणं पेटवली, त्यावर कडुलिंबाचा पाला टाकला. म्हणे, ह्यात केमिकल नाही. धूर तो धूर, आई. शेवटी मच्छरदाणी लावली, जी घरात होतीच. निसर्गाचं म्हणजे निर्धोक, हा नवा समज कोकणात तरी टिकू नये. काजूच्या बीचं तेल कातडं सोलून काढतं, चिकाने ओठ सुजलेले आम्ही प्रत्येक मोसमात मिरवले आहेत, अळू आमसुलाशिवाय शिजवलं तर घसा धरतो. आमची बायामाणसं पिढ्यान् पिढ्या विषाशीच संसार करत आली. फरक एवढाच की त्या विषाला खाज होती, चट्टे होते, चव होती.

लोट्याचा वास भाचीच्या डोक्यातून जात नव्हता. खेडहून परशुराम घाटाकडे येताना तो नाकात शिरतो, आपण काचा वर करतो आणि घाट लागला की विसरतो. दाभोळ खाडीचे मच्छीमार विसरू शकत नाहीत, मेलेल्या माशांचा खच त्यांच्या दारात येतो. पण मला वासापेक्षा बिनवासाची धास्ती जास्त आहे. इटलीत त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता, नॉनस्टिकसारख्या मालात लागणारी पीफास रसायनं बनवणारा. ती रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी त्याने बाधलं, मुलांच्या रक्तातही ती सापडली. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला, जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. आणि त्याची यंत्रं? ती लिलावात विकली गेली आणि लोट्यात येऊन पोहोचली. ही बातमी कळली तेव्हा मला भाचीने उलटा करून बघितलेला तवा आठवला. तव्याची निर्मिती कुठे होते आणि पोळी कोण भाजतं, यातलं अंतर फक्त परशुराम घाटाएवढं उरलंय.

भाची रात्री बायला थोपटत थोपटत मोबाईलवर लेबलं वाचत बसते, तिचा नवरा शेजारी घोरत असतो. हे नवं काम कुणाच्या वाट्याला आलं ते सांगायला नको. तिला मी म्हटलं, अगं, पेट्रोलमधलं शिसं कुठल्या आईने गाळून काढलं नाही, ते २००० साली सरकारने बंद केलं तेव्हा गेलं. दुधाच्या प्लास्टिक बाटलीतलं बिस्फेनॉल नावाचं रसायनसुद्धा मानक बदललं तेव्हा हटलं. तू किती वाचशील? ती म्हणाली, "मावशी, सरकार बदलेपर्यंत बाय दहावीला जाईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसून पंखा एकवर केला.

चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी तिला फळीवरची चरवी दिसली. पितळेची, बसक्या पोटाची, गळ्याशी नक्षीच्या दोन रेघा. वापरात नाही, पण आई दर दिवाळीला चिंच लावून घासते, इतर भांडी मोडीत घातली तरी तिने ही घालू दिली नाही. भाची स्टुलावर चढून ती खाली घेऊन आली. "किती सुंदर आहे गं ही! मावशी, बायचं दूध आता ह्यातच तापवू या. प्लास्टिक नाही, कोटिंग नाही, काही केमिकलच नाही."

आई विळीवर नारळ खवत होती.

मी जरा मोठ्यानेच नाही म्हणाले. भाची चमकली. मग मी आवाज उतरवून तिला ओटीवर नेलं आणि सांगितलं.

आपल्या देशात लहान मुलांचा एक आजार होता. जगात इतरत्र जवळपास दिसायचा नाही, म्हणून त्याचं नावच इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत हाताला कडक लागायचं, मग कावीळ, आणि काही महिन्यांत मूल जायचं. एका घरात एक गेलं की कधी कधी पाठचंही जायचं, म्हणून लोक म्हणत, रक्तातच आहे. रक्त कुणाचं, तर सुनेच्या माहेरचं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या खाण्यापिण्याची बारकाईने चौकशी केली. मूल अंगावर किती पीत होतं, वरचं दूध कधी सुरू केलं, ते कशात तापवायचे, कशात ठेवायचे. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं असायचं, आणि वरचं दूध लवकर सुरू होऊन पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. वेळेत हाती लागलेली काही मुलं पेनिसिलामीन हे अंगातलं तांबं बाहेर काढणारं औषध देऊन वाचवता आली. तोवर घराघरांत स्टील शिरलंच होतं, बाकीच्यांना डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो आजार बघता बघता ओसरला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो.

भाचीने चरवी मांडीवरून खाली ठेवली. मग तिने विचारलं, "तुमचा एक भाऊ..."

हो. माझ्या आधीचा. दीड वर्षाचा होऊन गेला. त्याचा फोटो नाही. आईला दूध कमी, म्हणून म्हशीचं दूध पाणी घालून पाजायचे. पोट टम्म फुगलं होतं एवढं आत्याने मला एकदा सांगितलेलं. गावात म्हणाले बाहेरचं लागलं, आजीने गाऱ्हाणी घातली, कोंबडा दिला. त्याला तोच आजार होता असं म्हणायला माझ्याजवळ कागदाचा एक चिटोराही नाही. लहान मुलांचं पोट शंभर कारणांनी फुगतं. पंधराएक वर्षांपूर्वी मी पुण्याच्या त्या संशोधनाबद्दल वाचलं, तेव्हापासून मी आईला ते सांगितलेलं नाही. काय म्हणून सांगू? आणि चरवी फळीवरून काढ असंही कधी म्हटलं नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

आतून खवण्याचा आवाज येत नव्हता. किती वेळ येत नव्हता ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी आई कुणावरच रुसली नाही. जेवली, बायला न्हाऊ घातलं, दुपारी झोपली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती खळ्यात माझ्याजवळ येऊन बसली. खाडीवरून वारा होता. बराच वेळ ती माडाच्या आळ्याकडे बघत राहिली.

"त्या वर्सा पावस लवकर पडलो," ती म्हणाली. "कल्हयवालो येवक नाय."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, पदर सारखा केला.

"पण दूध कदी कळकूक नाय गो. रोज चाखान बघी होतंय मी."